काळावरच्या प्रयोगासाठी सरकारी पैसा कसा मागायचा: नाशिकहून अर्ज करणाऱ्यांसाठी

काळाबद्दलचा तुमचा प्रश्न कितीही जगावेगळा असो, अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात त्याला एक आकडा असलाच पाहिजे. "काळ सगळीकडे, नेहमी सारखाच वाहतो का?" या प्रश्नाला कुणी पैसे देत नाही. "किरणोत्सारी क्षयाचा वेग जानेवारीत आणि जुलैत ०.०१ टक्क्याच्या आत सारखा राहतो का, हे नाशिकमध्ये वर्षभर मोजायचं आहे" असं लिहिलंत तर निदान अर्ज वाचला जातो. (काही पदार्थांचे अणू ठरावीक वेगानं आपोआप बदलत जातात, तोच किरणोत्सारी क्षय.) दोन्हींमागचं कुतूहल एकच आहे. पण काय मोजणार, कुठे, किती दिवस आणि किती बारकाईनं, हे दुसऱ्या वाक्यातून कळतं आणि खर्चाचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

मी भौतिकशास्त्राची नाही. नाशिकच्या एका महाविद्यालयाच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. संशोधन प्रकल्पांच्या फायली माझ्याच टेबलावरून जायच्या. "ताई, हे कुठल्या हेडमध्ये बसवायचं?" असं विचारत सर-मॅडम यायचे, आणि हेड, म्हणजे खर्चाचं खातं, ठरवायचं तर प्रयोग काय आहे ते समजून घ्यावंच लागायचं. त्यातून मला या विषयाची गोडी लागली ती कायमची. आजही ओळखीतली तरुण प्राध्यापक मंडळी अर्जाचा मसुदा घेऊन गंगापूर रोडच्या घरी येतात. आयआयटी किंवा टीआयएफआरमध्ये नसलेल्या माणसानंही काळाबद्दल मूलभूत प्रश्न विचारावा आणि सरकारनं त्याला पैसा द्यावा, असं मला मनापासून वाटतं. म्हणून जे मला माहीत आहे ते इथे लिहिते.

प्रश्न असा निवडा की "नाही" हे उत्तरही कामाचं ठरेल

क्षयाचंच उदाहरण पुढे नेते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे जेनकिन्स आणि फिशबाख यांनी जुनी आकडेवारी काढून एक खळबळजनक दावा केला. ब्रुकहेवन प्रयोगशाळेतली सिलिकॉन-३२ ची आणि जर्मनीच्या पीटीबी या मापन संस्थेतली रेडियम-२२६ ची मोजणी वर्षभरात किंचित वर-खाली होते, आणि ही लय पृथ्वी-सूर्य अंतराशी जुळते, असं त्यांचं म्हणणं होतं. क्षय म्हणजे निसर्गातलं घड्याळ. तेच सूर्याकडे बघून चालत असेल तर केवढी मोठी गोष्ट! पुढे अनेक देशांच्या मापन प्रयोगशाळांनी आपापली आकडेवारी एकत्र करून २०१६ मध्ये दाखवलं की सर्वांत अचूक मोजण्यांमध्ये असा चढउतार ०.०१ टक्क्याच्याही खाली आहे. जे दिसलं होतं त्याचा संशय तापमान, आर्द्रता आणि उपकरणांवर गेला.

मग नाशिकमध्ये हे पुन्हा मोजायचं कशाला? पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५.२१ कोटी किलोमीटरवर. सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७१ कोटींवर. आता जुलैच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे काय असतं ते वेगळं सांगायला नको. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, क्षयातून निघणारे कण मोजणाऱ्या काउंटरच्या जोडण्यांवर दमटपणा बसतो. म्हणजे सूर्याचं अंतर आणि हवेतली आर्द्रता आपल्याकडे नेमकी एकाच महिन्यात वाढते. जी चूक जगातल्या चांगल्या प्रयोगशाळांना चकवून गेली, ती मुद्दाम घडवून मोजायला यापेक्षा सोयीची जागा कुठली?

आणि अर्जाचा जीव इथे आहे. क्षयाचा वेग बदलला नाही, असंच बहुधा निघेल. तरीही पावसाळी हवेत जीएम (गायगर-म्युलर) काउंटरची मोजणी किती सरकते, याचा एक तक्ता हाती येईल. महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत हा काउंटर आहे, त्या सगळ्यांना तो वापरता येईल. अर्ज तपासणाऱ्याला "विलक्षण काही सापडलं नाही तर सरकारचे पैसे बुडाले का?" हा प्रश्न पडतोच. तो पडायच्या आत उत्तर द्या, आणि ते शेवटच्या पानावर नको, पहिल्याच पानावर हवं.

आकड्यांची झडती स्वतः घ्या

कनेक्टिकट विद्यापीठातले रोनाल्ड मॅलेट यांनी फिरत्या लेझर प्रकाशानं अवकाश-काळ वळवून भूतकाळात जाण्याची कल्पना मांडली. ती जगभर गाजली. पुढे केन ओलम आणि ॲलन एव्हरेट यांनी गणित करून दाखवलं की प्रयोगशाळेतल्या ऊर्जेवर तसा परिणाम मिळवायचा तर प्रकाशाचं कडं दृश्य विश्वाहूनही मोठं लागेल. माणूस मोठा होता आणि तळमळ खरी होती, पण परिणाम किती मोठा असेल हा आकडा कुणाही परीक्षकाला थांबवणारा होता. म्हणून अपेक्षित परिणाम आणि तुमच्या उपकरणाची पोच हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. मधलं अंतर लाखपटीचं असेल तर प्रश्न बदला.

आपल्या परिसरातलं गणित सांगते. नाशिकहून सप्तशृंगीच्या बाजूला सहाशे मीटर वर चढलात, तर गुरुत्व कमी झाल्यामुळे लंबकाचं घड्याळ दिवसाला सुमारे आठ सेकंद मागे पडेल. हे शाळेतली मुलंसुद्धा मोजू शकतील. त्याच सहाशे मीटरवर सापेक्षतावादानुसार खुद्द काळ मात्र दिवसाला साडेपाच नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) पुढे जातो. हे मोजायला सीझियमची अणुघड्याळं लागतात. पण लागतात म्हणजे अशक्य नाही. २००५ मध्ये टॉम व्हॅन बाक या अमेरिकी हौशी माणसानं तीन सीझियम घड्याळं गाडीत घातली, मुलांना घेऊन तो माउंट रेनियरवर दोन दिवस राहिला आणि वीस-बावीस नॅनोसेकंदांचा फरक घेऊन खाली उतरला.

क्षयाच्या प्रयोगाचं गणितही असंच उघडं करून लिहा. मोजणीतली अनिश्चितता वर्गमुळानं चालते. दहा लाख कण मोजले तर ०.१ टक्का, दहा कोटी मोजले तर ०.०१ टक्का. सेकंदाला शंभर कण येत असतील तर पहिल्याला पावणेतीन तास लागतात, दुसऱ्याला साडेअकरा दिवस. म्हणजे महिन्याला एक चांगला बिंदू मिळतो आणि वर्षभर उपकरण बंद पडून चालत नाही. स्रोत सीझियम-१३७ चा असेल तर त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) साधारण तीस वर्षांचं, म्हणून वर्षात मोजणी तशीही २.३ टक्के घटणार. ती वजा कशी करणार ते लिहा. काउंटरचा मृतकाळ (एक कण मोजल्यावर दुसरा मोजता येत नाही तो क्षण), पार्श्वभूमीची मोजणी (स्रोत समोर नसतानाची), व्होल्टेज प्लॅटोच्या (मोजणी जवळपास स्थिर राहते त्या पट्ट्याच्या) मधोमध आहे का, हे सगळं आलं पाहिजे. एवढं एका पानावर मांडलंत की तपासणाऱ्याच्या मनातली निम्मी शंका जाते, असा माझा अनुभव आहे.

चुका कुठे लपू शकतात, याचा स्वतंत्र परिच्छेद हवाच. सप्टेंबर २०११ मध्ये युरोपातल्या ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा साठ नॅनोसेकंद लवकर पोचल्याचं जाहीर झालं. काही महिन्यांनी कारण सापडलं, त्यात मुख्य होती एक नीट न बसलेली प्रकाशतंतूची जोडणी. तुमच्या प्रयोगात अशा जोडण्या कुठल्या आणि त्या कशा तपासणार? महावितरणची वीज, इन्व्हर्टरवर जाताना बसणारा झटका, मे महिन्यातलं पत्र्याखालचं तापमान. हे अर्जात लिहायला लाजू नका. मी पाहिलेल्या अर्जांत हे परिच्छेद ज्यांनी मोकळेपणानं लिहिले त्यांना परीक्षकांनी प्रश्न कमी विचारले.

दार कुठलं ठोठावायचं

सरकारी संशोधन निधी बहुतेक वेळा व्यक्तीच्या हातात येत नाही, तो संस्थेच्या खात्यात येतो. त्यामुळे तुम्ही कोण आहात यावर दार ठरतं.

शाळेतले असाल तर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर-मानक योजना आहे. शाळा मुलांच्या कल्पना नोंदवते आणि निवड झालेल्या मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात. तिथे नुसतं निरीक्षण चालत नाही, काहीतरी बनवावं लागतं. लंबकाचे ठोके सेन्सरनं मोजणारं स्वस्त यंत्र बनवा, मग ते घेऊन गडावर जा. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर सामान तिथेच असतं.

महाविद्यालयातल्या शिक्षकांनी थेट दिल्लीकडे धाव घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. आधी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या छोट्या संशोधन अनुदानाची जाहिरात आली आहे का ते बघा. रक्कम लहान असते, पण त्यातून पहिल्या सहा महिन्यांची आकडेवारी मिळते, आणि हातात आकडेवारी असलेला अर्ज आणि नुसत्या कल्पनेचा अर्ज यांत फार फरक पडतो. दुसरं म्हणजे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राशी नातं जोडा. महाविद्यालयीन शिक्षकांसाठी त्यांची असोसिएटशिप आहे, आणि आयन (विद्युतभारित अणू) पकडून अचूक घड्याळ बनवण्याचं काम तिथल्या प्रयोगशाळेत चालतं. काळाच्या मोजमापाबद्दल विचारायला नाशिकहून चार-पाच तासांवर माणसं आहेत, हे आपल्या बऱ्याच शिक्षकांना माहीतच नसतं.

मोठं दार म्हणजे एएनआरएफ, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. त्याचा कायदा २०२३ चा, अंमल ५ फेब्रुवारी २०२४ पासून. विज्ञान-संशोधनाला निधी देणारं केंद्राचं जुनं मंडळ, एसईआरबी, त्यातच विलीन झालं. एसईआरबीच्या काळात जोखमीच्या, रुळलेल्या वाटेबाहेरच्या कल्पनांसाठी सुप्रा नावाची खास योजना होती. योजनांची नावं आणि अटी बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशीची जाहिरात वाचा, जुन्या सरांच्या फाइलवर विसंबू नका. तुमचं काम कागद-पेन्सिलीचं असेल, म्हणजे काळाची दिशा, काळाची सममिती असं काही, तर मॅट्रिक्स योजना वर्षाला दोन लाख देत आली आहे आणि तिथे उपकरणांचा प्रश्नच येत नाही. नाशिकच्या शिक्षकांना मी सगळ्यात जास्त टेअर योजना सुचवते. नोकरी आपल्याच महाविद्यालयात ठेवून मोठ्या संस्थेत काही काळ काम करायचं, आणि संशोधनाचा पैसा दोन्हीकडे वाटला जातो. प्रयोग जगावेगळा असेल तर यजमान संस्थेचं पत्र हीच तुमची ओळख.

राष्ट्रीय क्वांटम मिशनही आहे. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालं, ६,००३.६५ कोटींचं. संवेदन आणि मापन यांचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेनं एकेक फोटॉन वापरून काळातल्या सहसंबंधांची लेगेट-गार्ग असमानता (वेगवेगळ्या क्षणी घेतलेल्या मोजण्या रोजच्या जगाच्या नियमांत बसतात का, याची कसोटी) तपासली, ती अशाच प्रश्नांच्या जातीतली. पण मिशनचा पैसा लहान महाविद्यालयापर्यंत यायचा तर मोठ्या गटाचा भाग होऊनच यावं लागतं.

आणि कुठल्याच संस्थेत नसलेल्यांनी? अंबड-सातपूरच्या कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आयुष्य काढलेली, हातात कमालीचं कसब असलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. त्यांनी एखाद्या महाविद्यालयीन शिक्षकाला मुख्य संशोधक करावं आणि आपली भूमिका लेखी ठरवून घ्यावी. नुसतं उपकरण बनवायचं असेल तर डीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक-औद्योगिक संशोधन विभागाची प्रिझम योजना वैयक्तिक संशोधकांसाठी आहे. तिथे मात्र प्रयोग नाही, उपकरणाचा नमुना मांडायचा.

खर्च लिहिताना

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे माझं क्षेत्र.

१९७१ चा हाफेले-कीटिंग प्रयोग प्रत्येक अर्जदारानं खर्चाच्या नजरेतून वाचावा. जोसेफ हाफेले हे सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सहाय्यक प्राध्यापक. विमानातून अणुघड्याळं फिरवून सापेक्षतावाद तपासायची कल्पना घेऊन ते वर्षभर पैशासाठी फिरले, काही हाती लागलं नाही. मग एका व्याख्यानानंतर अमेरिकी नौदल वेधशाळेचे रिचर्ड कीटिंग भेटले. घड्याळं त्यांच्याकडे होती. नौदल संशोधन कार्यालयानं पैसा दिला, सुमारे ८,००० डॉलर, आणि त्यातले ७,६०० विमानाच्या तिकिटांचेच होते. घड्याळांनाही सीट लागली. पूर्वेकडे गेलेली घड्याळं सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली २७३ पुढे गेली. सगळ्यात महाग वस्तू ज्याच्याकडे आधीच आहे, त्याला सोबत घेतलं की मागायची रक्कम कशी आटोक्यात येते, ते यात दिसतं.

म्हणून खर्चाच्या पानाआधी एक यादी करा: आपल्याकडे काय आहे. काउंटर, स्रोत, संगणक, खोली. स्रोताची एईआरबीकडची (अणुऊर्जा नियामक मंडळाकडची) नोंद आणि परवानगीची स्थिती ई-लोरा पोर्टलवर तपासून तो कागद जोडा. मग जे नाही तेच मागा. क्षयाच्या प्रयोगाला लागेल ते असं: हवाबंद पेटी आणि सिलिका जेल, तापमान-आर्द्रता-हवेचा दाब नोंदवणारं यंत्र, चांगला यूपीएस, आणि शक्य असेल तर वेगळ्या प्रकारचा दुसरा शोधक, म्हणजे दोघांची मोजणी एकाच वेळी सरकते का यावरून बदल स्रोताकडे आहे की उपकरणाकडे याचा अंदाज येईल. प्रत्येक ओळीपुढे "कशासाठी" हे एका वाक्यात लिहा. लॅपटॉप मागताना हे वाक्य फार जपून लिहावं लागतं.

टिकाऊ उपकरणं एका हेडमध्ये, संपणारं सामान दुसऱ्यात, प्रवास, मनुष्यबळ, कंटिन्जन्सी (किरकोळ, अचानकचा खर्च) आणि संस्थेचा ओव्हरहेड (संस्थेच्या सोयींचा वाटा) वेगवेगळे. एका हेडचा पैसा दुसऱ्यात वळवायचा तर आधी लेखी परवानगी. कोटेशन अर्जाच्या वेळीच घ्या, जीएसटी धरून घ्या. वकीलवाडीत मिळणारे सुटे भाग आणि लॅमिंग्टन रोडवरचे भाग यांच्या दरांची तुलना घरच्या प्रयोगाला ठीक आहे. सरकारी पैशात खरेदी जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून आणि नियमांच्या चौकटीत करावी लागते, तिला वेळ लागतो. तो वेळ प्रकल्पाच्या वेळापत्रकात धरा, नाहीतर पहिला पावसाळा खरेदीतच जातो.

मंजुरीपत्र आलं की ते मुख्य संशोधकानं स्वतः शब्द न् शब्द वाचावं. पैसा हप्त्यानं येतो. ३१ मार्चला झालेला खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १२-अ, आणि खर्चाचं विवरण द्यावं लागतं. ते गेलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही. खात्यात साठलेलं व्याज सरकारचं असतं. ते परत करा. विकत घेतलेली प्रत्येक वस्तू मालमत्ता नोंदवहीत चढवा, तिच्यावर प्रकल्पाचा क्रमांक लिहा. लेखा विभागातल्या माणसाला प्रयोग दाखवायला एकदा बोलवा, ही माझी कळकळीची विनंती. काय मोजताय हे ज्याला कळलं आहे तो तुमचं बिल अडवत नाही, ते कसं बसवायचं हे सुचवतो.

नकार आला, तर

नकाराबरोबर परीक्षकाची टिप्पणी आली असेल तर ती सोनं आहे. एका निधी संस्थेनं आमच्या एका सरांचा अर्ज "विषय अप्रस्तुत" एवढ्या दोन शब्दांत परत केला होता. मला तेव्हा फार राग आला, आजही येतो, कारण त्यात शिकण्यासारखं काहीच नव्हतं. पण सविस्तर टिप्पणी आली तर मुद्द्यामागून मुद्दा उत्तर लिहा आणि पुढच्या फेरीत तो कागद जोडा.

लोकांकडूनही पैसा उभा राहतो. सिॲटलचे जॉन क्रेमर यांना क्वांटम गुंतणुकीतून (दोन दूरच्या कणांच्या जोडलेपणातून) संदेश मागे, म्हणजे भूतकाळाकडे, जाऊ शकतो का हे तपासायचं होतं. नेहमीच्या दारांनी पाठ फिरवली. २००७ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आल्यावर सामान्य लोकांनी हजारो डॉलर पाठवले. २०१४ मध्ये क्रेमर यांनी निक हर्बर्ट यांच्याबरोबर लिहून टाकलं की असा संदेश जाऊ शकत नाही, आणि का जात नाही हेही दाखवलं. देणाऱ्यांचा पैसा कामी आला, असंच मी म्हणेन. आपल्याकडे कंपन्यांचा सीएसआर निधी सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांना आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांना विज्ञान-संशोधनासाठी देता येतो. खासगी संस्थेच्या महाविद्यालयानं म्हणूनच विद्यापीठामार्फत जावं.

ज्यांना वाटतं की आपल्या भागात असल्या गोष्टींना कोण पैसे देणार, त्यांनी नांदगावच्या पुढे चाळीसगावजवळच्या पाटणला जाऊन यावं. तिथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला आणि निकुंभ राजघराण्यानं त्याला दान दिलं. बाजारातून आणि तेलघाण्यांकडून मठाला काय मिळावं, ते त्या लेखाच्या जुन्या मराठीतल्या भागात लिहून ठेवलं आहे. ग्रहगणितासाठीचं मंजुरीपत्रच ते, हेडसकट.

एक काम निधीची वाट न बघता आजच होतं. स्रोत कपाटात राहू द्या, काउंटर सुरू करा आणि फक्त पार्श्वभूमीची मोजणी, शेजारी तापमान आणि आर्द्रता, रोज ठरलेल्या वेळी वहीत उतरवा. अर्जाला जोडायला तो आलेख लागेल. त्यात पावसाळा दिसायला हवा असेल तर मेच्या अखेरीपर्यंत आर्द्रतामापक जागेवर बसलेला असू द्या.